गावच्या देवांची वही: नव्यानं नोंद करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात वेशीच्या मारुतीपासून शिवेपर्यंत चालत निघालं की वाटेत देव भेटतच राहतात. बांधावर म्हसोबा, विहिरीच्या काठाला आसरा, पिंपळाखाली मुंजा, शिवेवर मरीआई, ओढ्यापलीकडं वेताळ, आणि मधेच एखाद्या पिराची हिरवी चादर. यांतल्या बहुतेकांची कथा कुठल्या पोथीत नाही. ती गावातल्या चार-दोन म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. रस्ता रुंद झाला की म्हसोबा हलतो, विहीर बुजली की आसरांची जागा जाते, जीर्णोद्धार झाला की शेंदराच्या तांदळ्याजागी, म्हणजे शेंदूर फासलेल्या बिनकोरीव दगडाजागी, संगमरवरी मूर्ती येते आणि पाटीवर नवं नाव. दगड दुसरा मांडता येतो. तो तिथं का होता हे ठाऊक असलेलं शेवटचं माणूस गेल्यावर मात्र विचारायला कुणी उरत नाही. म्हणून हे काम आत्ता करायचं आहे, आणि ते कुणीही करू शकतं. पदवी लागत नाही. एक जाड वही, मोबाईल आणि ऐकून घ्यायची तयारी पुरते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा, कारण पुढची सगळी मांडणी तिच्यावर उभी आहे: देव ओळखायचा तो त्याच्या कामावरून. तो कशाची राखण करतो, कशानं कोपतो, त्याला काय लागतं, कधी लागतं, हे आधी. तो कुणाचा अवतार, कुठल्या पुराणातला, ग्रीकांच्या कुठल्या देवासारखा, हे सगळं नंतर. हा क्रम उलटा झाला की वहीत गावाचा देव राहत नाही, आपण वाचलेलं पुस्तकच परत उतरतं.

पहिली पायरी: घरचा देव्हारा

बाहेर पडायच्या आधी आपल्याच घरापासून सुरुवात करा. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांचे धातूचे छोटे ठसे, एकेक करून पाहा. घोड्यावरचा, सोबत म्हाळसा बसलेली, तो खंडोबा. आठ हातांची भवानी. नुसता एक पुरुष हातात शस्त्र घेऊन उभा असेल, तर तो बहुधा घराण्यातला वीर. त्याचं नाव आजीला ठाऊक असतं, वडिलांना बहुतेकदा नसतं. कुलदैवत कुठलं, कुलधर्म कधी, तळी कोणत्या दिवशी उचलतात, लग्नानंतर गोंधळ घालतात की जागरण, घरात परडी आहे का, ती कुणाकडून कुणाकडं आली, हे आई, आत्या, चुलती यांना वेगवेगळं बसवून विचारा. माहेरचं आणि सासरचं अशी दोन्हीकडची माहिती बायकांकडंच असते. पुरुष मंडळी शेजारी बसली की त्या थोडक्यात आटोपतात.

घरातच एक सवय लावून घ्या. उत्तर दुरुस्त करायचं नाही. आजी म्हणाली, "म्हाळसा वाण्याची आन् बाणाई धनगराची, म्हणून दोघींचं पटत नव्हतं," तर तसंच लिहायचं. खंडोबाच्या दोन संसारांची ही गोष्ट गावोगाव वेगळ्या तपशिलानं सांगतात, आणि तपशील बदलतो तिथंच सांगणाऱ्याचं घराणं, जात, गाव दिसायला लागतं.

दुसरी पायरी: पांढरी आणि काळी

आता गावाचा कच्चा नकाशा काढा. जुनी माणसं वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला काळी. कागदाच्या मधोमध पांढरी, भोवती काळी, सगळ्यांत बाहेर शीव. मग गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन पायी फिरा. गाडीवरून गेलात तर निम्मे देव चुकतील. काही तर हरभऱ्याच्या पिकात गुडघाभर खाली बसलेले असतात.

प्रत्येक देव कुठं आहे हे नकाशावर मांडलं की गावाची रचना समजते. वेशीत मारुती. विहीर, बारव, नदीचा डोह इथं साती आसरा. कधी सात दगड, कधी शेंदराची नुसती सात बोटं. शिवेवर मरीआई, कारण पटकी-देवीची साथ यायची ती बाहेरून आणि घालवायची तीही बाहेरच. म्हसोबा बांधावर, जिथं दोघांची हद्द भिडते. मुंजाला पिंपळ आणि पार. वेताळाला वस्तीपासून लांबचं माळरान, आणि भोवती गोल मांडलेले दगड, ती त्याची फौज. बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलात तर सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा आणि साती भवानी. दर्ग्याची नोंद वेगळ्या वहीत करू नका. नवस बोलणारी माणसं बऱ्याच गावांत तीच असतात.

वाटेत कोरीव दगड दिसला तर थांबा. तीन-चार आडवे कप्पे, खालच्यात लढाई किंवा गायी, मधल्यात अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य, असा दगड म्हणजे वीरगळ. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरला असेल तर सतीशिळा. गावात हे दगड भैरोबा, म्हसोबा किंवा नुसता 'देव' म्हणून पुजले जातात. दोन्ही लिहा: दगड काय आहे आणि गाव त्याला काय मानतं. शेंदूर खरवडून खालचं कोरीव काम पाहायचा मोह अजिबात नको. शेंदराचे थर हीच त्या दगडाच्या पूजेची कागदपत्रं आहेत, आणि तो देव तुमचा नाही, गावाचा आहे.

तिसरी पायरी: एक जागा, एक पान

एका देवाला एक पान द्या. नमुना म्हणून आसरांचं पान कसं भरायचं ते पाहू.

वर तारीख घाला, इंग्रजीही आणि तिथीही. तिथी का? कारण सहा महिन्यांनी तुम्हाला आठवायचं असतं की तो नैवेद्य अमावस्येचा होता की पौर्णिमेचा. मग जागा: "पडकी दगडी विहीर, पायऱ्या उत्तरेकडून, आत उतरताना डाव्या हाताच्या कोनाड्यात." मग रूप: "सात गोटे, सगळ्यांत मोठा विताएवढा. शेंदूर ताजा. शेजारी आठवा लहान दगड, तो त्यांचा भाऊ म्हणतात." मग काय वाहिलेलं आहे: "हिरवा खण, हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू, दहीभाताचे वाळलेले शीत, लिंबू." हे डोळ्यांनी दिसलेलं. त्याखाली रेघ ओढा आणि ऐकलेलं लिहा: कोण सांगतंय, वय अंदाजे, नातं काय. बाळंतिणीनं भर दुपारी विहिरीवर जाऊ नये. नव्या मोटारीला पाणी लागलं की पहिला मान आसरांचा. अंगावर पाणी घेऊन आलेल्या पोरीला ताप आला की इथं ओटी. शेवटी तुमचे स्वतःचे विचार, वेगळ्या रंगाच्या पेनानं.

दिसलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं या तिन्हींची सरमिसळ होऊ न देणं, एवढं जमलं तर तुमची वही पन्नास वर्षांनंतरही कुणाच्या तरी कामी येईल.

शब्द जसे कानावर पडले तसे लिहा. लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस होते, तेव्हा शिवारात कडब्याची कोप घालतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, शेजारी लक्ष्मी, आणि आंबील शिंपडत पिकाभोवती फिरताना 'ओलगे ओलगे' अशी काहीतरी आरोळी देतात. पुढच्या शब्दांचे उच्चार गावागणिक बदलतात, त्यावर कानडीची छाया आहे, आणि ओरडणाऱ्यालाही अर्थ सांगता येतोच असं नाही. तिथं शुद्ध करायला जाऊ नका. ध्वनिमुद्रण करा आणि त्याबरहुकूम लिहा. भज्जी, उंडे, आंबील यांची कृतीही लिहून घ्या. नैवेद्य हा देवाच्या स्वभावाचा भाग असतो.

चौथी पायरी: विचारायचं कसं

इथं नवखी माणसं अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"तुमच्या गावात भुतं आहेत का?" असं विचारलं की समोरचा हसतो किंवा गप्प होतो. "तुमचा विश्वास आहे का?" हा त्याहून वाईट प्रश्न, कारण तो माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. वस्तूपासून सुरुवात करा. संवाद साधारण असा होतो:

"आबा, ह्यो शेंदूर कुणी लावलाय?"

"आमच्या धाकल्यानं. पेरणीच्या टायमाला लावतेत."

"आन् नाही लावला तर?"

"तर काय, बैल बिचकतेत. बांधाचं भांडण निघतंय. एक साल इसरलो होतो, त्या सालीच मोजणी आली बघा."

चार वाक्यांत म्हसोबाचं काम कळलं: पेरणी, जनावर, आणि मुख्य म्हणजे हद्द. "म्हसोबा म्हणजे कोण?" असं विचारलं असतं तर "शंकराचं रूप" एवढंच उत्तर मिळालं असतं.

आणखी काही गोष्टी. काही नावं लोक उघड घेत नाहीत, 'बाहेरचं', 'वारं', 'ती' असं म्हणतात; तुम्हीही तसंच म्हणा. हडळ, जखीण, खवीस, समंध ही नावं तुम्ही आधी उच्चारली तर समोरचा तुमच्याच नावांना हो म्हणेल. कातरवेळी विषय काढला आणि घरातली बाई अस्वस्थ झाली तर तो तिथंच सोडा. ध्वनिमुद्रण करताना परवानगी विचारून, आधी तारीख आणि गाव मोठ्यानं बोलून मग सुरू करा, आणि मोबाईलवर फोन येणार नाही अशी सोय ठेवा. जात्यावरच्या ओव्या म्हणणारी मावशी भेटली तर प्रश्न बाजूला ठेवून आधी ओव्या ऐका. देवाशी भांडलेलं, रुसलेलं, लेकीसारखं बोललेलं सगळं त्यात असतं.

कुणाच्या अंगात येत असेल, तर त्या वेळी कॅमेरा खाली. नंतर शांतपणे विचारलं तर बहुतेक जण बोलतात.

जातीचा प्रश्न टाळू नका. मरीआईची पूजा, पोतराजाचा आसूड, मानाचा नारळ कुणाचा, गाभाऱ्यात कोण जात नव्हतं, हे सगळं गावाच्या इतिहासाचा भाग आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी हे देव समजून-उमजून सोडले. त्या घरी जाऊन जुन्या देवाची उत्सुकता दाखवत बसू नये. ते आपणहून सांगतील तेवढंच घ्यावं, आणि का सोडले हे सांगितलं तर तेही तितक्याच आदरानं टिपावं. सोडलेला देव हीसुद्धा नोंद आहे.

आणि एक सीमा स्पष्ट ठेवा. ऐकलेली गोष्ट ही गोष्ट आहे, पण कुणाला चेटकीण ठरवून छळ चालला असेल, आजारी माणसाला दवाखान्याऐवजी मारझोडीचा उपचार होत असेल, तर तिथं नोंद करत बसायचं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून याविरुद्ध कायदा आहे. पोलिसांना कळवायचं.

पाचवी पायरी: मोठ्या देवस्थानांत काय पाहायचं

गावच्या दगडांवर नजर बसली की मोठी ठाणी वेगळी दिसायला लागतात. तुळजापूरला रांगेत उभं राहून दर्शन घेणं वेगळं आणि देवीचा दिनक्रम समजून घेणं वेगळं. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. ती वर्षातून तीनदा सिंहासनावरून उठून पलंगावर निद्रा घेते. देव झोपतो, थकतो, त्याला विश्रांती द्यावी लागते, ही कल्पना वहीत वेगळी टिपून ठेवा, तुलनेच्या वेळी उपयोगी पडते. माहूरची रेणुका तांदळा रूपात आहे, म्हणजे मुखच तेवढं. अणदूर आणि नळदुर्ग इथल्या खंडोबाची मूर्ती एकच, देवळं दोन. देव वर्षाचा मोठा काळ अणदूरला राहतो आणि उरलेला नळदुर्गच्या मैलारपुरात. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि लग्न राहिलं, असं सांगतात. एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांचं नातं एका मोडलेल्या लग्नानं बांधलेलं. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला गेलात तर खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार पाहा. घोड्यावरचा देव आणि घोड्याचा बाजार एकाच ठिकाणी का, याचं उत्तर देवळात मिळणार नाही. ते व्यापाऱ्यांकडं मिळेल.

दगडातली शिल्पं वाचायला वेरूळ आणि अजिंठा ही दोन ठिकाणं पुरेशी आहेत, फक्त गर्दीबरोबर धावायचं नाही. वेरूळच्या चौदाव्या लेण्यात सप्तमातृकांचा पट्टा आहे. सात जणी ओळीनं, बरोबर लेकरं, आसनाखाली वाहनं. हंस ब्राह्मीचा, नंदी माहेश्वरीचा, मोर कौमारीचा, गरुड वैष्णवीचा, वराह वाराहीचा, हत्ती इंद्राणीचा. उरलेली हाडकुळी ती चामुंडा. आधी स्वतः ओळखून पाहा, मग माहिती वाचा. शेजारी हाडांचा सापळा झालेला काळ बसला आहे, तोही चुकवू नका. माता आणि मृत्यू एकाच ओळीत का बसवले, हा विचार तुम्हाला गावच्या सटवाईपर्यंत घेऊन येईल. मात्र सात माता आणि साती आसरा एकच, असा निकाल आकडा जुळला म्हणून देऊन टाकू नका. आसरा पाण्याच्या आहेत, त्यांच्या कडेवर लेकरू नसतं. काम वेगळं.

अजिंठ्याचं दुसरं लेणं माझ्या मते या अभ्यासाची खरी शाळा आहे. गाभाऱ्याच्या उजव्या बाजूच्या लहान खोलीत हारिती आणि तिचा नवरा पांचिक बसले आहेत. हारिती ही पोरं खाणारी यक्षिणी. तिला स्वतःची पाचशे मुलं. बुद्धानं तिचं लाडकं धाकटं भिक्षापात्राखाली लपवलं, ती वेडीपिशी होऊन शोधत आली, तेव्हा त्यानं विचारलं की एक गेलं तर तुझी ही दशा, मग ज्यांची एकुलती एक पोरं तू नेलीस त्यांचं काय? त्या दिवसापासून ती मुलांची राखणदार झाली, आणि भिक्षूंनी तिला रोज घास काढून ठेवायचं ठरलं. शिल्पात वरच्या कोपऱ्यात ती बुद्धावर चालून आलेली दिसते आणि दुसऱ्या कोपऱ्यात शरण गेलेली. खाली, पायाशी, दगडात शाळा भरली आहे: छडी घेतलेले गुरुजी, पुढची पोरं अभ्यासात, मागची मस्ती करताहेत. पंधराशे वर्षांपूर्वीची ती मागची ओळ नीट न्याहाळा, मांडी घालून बसा, उतरवून घ्या.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला संग्रहालय आहे. प्राचीन तगर ते हेच. तिथल्या मातीच्या लहान मूर्ती पाहताना एक लक्षात येतं: घरात पुजायचे देव दोन हजार वर्षांपूर्वीही तळहातावर मावतील एवढेच होते.

सहावी पायरी: जगाशी ताडून पाहणं

आता इतर देशांच्या देवतांकडं वळायला हरकत नाही. यात गोडी फार आहे आणि घसरगुंडीही इथंच आहे. रूप पाहून जुळवायला गेलं की हमखास चुकतं, काम पाहून जुळवलं की काहीतरी हाती लागतं. उदाहरणच घेऊ.

हडळीचे पाय उलटे असतात, हे आपल्याकडं पोरालाही माहीत. ब्राझीलच्या जंगलात कुरुपिरा म्हणून एक आहे, त्याचेही पाय उलटे. १५६० साली अंशिएता नावाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकानं त्याची नोंद केली आहे. पण कुरुपिरा जंगलाचा राखणदार. उलट्या पावलांचे ठसे उमटवून तो शिकाऱ्यांना चकवतो. हडळीशी त्याचं कामाचं नातं काहीच नाही. उलट मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांच्या सिवातेतेओ पाहा. पाय सरळ, पण त्या बाळंतपणात मेलेल्या बाया. त्यांना लढाईत पडलेल्या वीरांचा मान. माध्यान्हीपासून मावळतीपर्यंत सूर्याला त्याच सोबत करत. आणि ठरावीक दिवशी त्या चौरस्त्यावर उतरत, तेव्हा आया लेकरांना घरात कोंडून ठेवत. मलेशियात पोंटियानाक, जपानमध्ये उबुमे, दोघीही बाळंतपणाच्या मरणाशी जोडलेल्या. आता हडळीचं पान उघडा. तीही बहुधा बाळंतपणात गेलेली बाईच मानतात. तिच्याबद्दल गावात भीती आहे, पण त्या मेलेल्या बाईचं दुःखही कुणी बोललं होतं का? ॲझ्टेकांनी तिला वीर मानलं, आपण काय मानलं? तुलनेनं असा प्रश्न सुचला तर ती उपयोगाची. नुसती 'तिकडंही आहे बरं का' एवढ्यावर थांबली तर ती करमणूक.

म्हसोबासाठी रोमला जा. टर्मिनस हा हद्दीच्या दगडाचा देव. २३ फेब्रुवारीला त्याचा सण. दोन्हीकडचे शेतकरी आपापल्या बाजूनं दगडाला हार घालत, नैवेद्य देत, एकत्र जेवत. रोमच्या टेकडीवर ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं, तेव्हा बाकीचे देव जागा सोडून गेले, टर्मिनस हलला नाही. मग देऊळ त्याच्याभोवती बांधलं आणि त्याच्या डोक्यावर छताला भोक ठेवलं, कारण त्याला आभाळ लागतं. आमच्याकडच्या कित्येक बांधांवरच्या देवांना छप्पर चालत नाही, घातलं तरी टिकत नाही, असं सांगतात. तुमच्या गावच्या म्हसोबाला छप्पर चालतं का, हे विचारून पानावर लिहा. रोमची गोष्ट ठाऊक नसती तर हा प्रश्न सुचला नसता.

सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर जागा ठेवतात. ग्रीकांच्या मोइराय तीन बहिणी: एक आयुष्याचा धागा कातते, एक मोजते, एक कापते. मेलेआग्रोस सात दिवसांचा असताना त्या आल्या आणि म्हणाल्या, चुलीतलं हे लाकूड जळून संपेल तेव्हा हा मरेल. आईनं लाकूड विझवून पेटीत कुलपात ठेवलं. पुढं त्याच्याच हातून तिचे भाऊ मेले तेव्हा तिनंच ते काढून आगीत टाकलं. इजिप्तमध्ये सात हाथोर बाळाच्या जन्मवेळी येऊन त्याचं मरण सांगत. सगळीकडं बायाच, आणि सगळीकडं बाळ वाचेल की नाही याची धाकधूक असणाऱ्या दिवसांतच. हे एकमेकांकडून उचललं असं म्हणायला पुरावा नाही. जिथं बाळं पहिल्या आठवड्यात दगावत, तिथं त्या आठवड्याची देवी उभी राहिली, एवढं म्हणता येतं.

मरीआईचंही तसंच. गाडा सजवून, साडी-चोळी ठेवून, वाजत-गाजत तिला शिवेपार पोचवायचं, मग पुढच्या गावानं त्यांच्या शिवेपार. जपानच्या क्योतोत ८६९ साली साथ आली तेव्हा ६६ प्रांतांच्या नावानं ६६ भाले उभे करून देवाची समजूत काढली, त्यातून आजचा गिओन उत्सव झाला. तैवानच्या दोंगगांगला दर तीन वर्षांनी लाकडी जहाज बांधून त्यात साथीचे देव बसवतात आणि समुद्रकिनारी जाळतात. तिथं समुद्र आहे म्हणून जहाज, आपल्याकडं शीव आहे म्हणून गाडा. रोगाला हाकलायचं नाही, मान देऊन निरोप द्यायचा, ही वागणूक तिन्हीकडं सारखी.

काही देव मात्र खरोखर प्रवास करून गेले, आणि तो प्रवास दाखवता येतो. अजिंठ्यातली हारिती बौद्ध भिक्षूंबरोबर गांधार, चीन असं करत जपानला पोचली. तिथं ती किशिमोजिन, हातात डाळिंब, आणि आया तिच्याकडं लेकरांसाठी जातात. सरस्वती तिथं बेन्झाइतेन झाली, गणपती कांगितेन. म्हणून वहीत दोन खूणा ठेवा: 'गरज सारखी' आणि 'देव गेला'. दुसरी खूण मधल्या मुक्कामांचा पुरावा असल्याशिवाय करायची नाही. नावांच्या उच्चारांचं साम्य हा पुरावा नव्हे, कितीही गोड वाटलं तरी.

रानात चकवा लागला तर काय करावं, हेही गोळा करा. रशियात लेशी वाट चुकवतो, तेव्हा अंगावरचे कपडे उलटे घालतात. तुमच्याकडचा उपाय काय?

सातवी पायरी: जपणं आणि परत देणं

ध्वनिमुद्रणं आणि फोटो दोन ठिकाणी ठेवा, फाईलला गाव-देव-तारीख असं नाव द्या. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करा, म्हणजे पुढं कुणालाही शोधता येईल. जुन्या कोरीव मूर्ती आणि वीरगळांची नेमकी जागा समाजमाध्यमावर टाकू नका, चोरांना तेवढंच पुरतं. शंभर वर्षांहून जुन्या अशा शिल्पांना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचं संरक्षण आहे. शेतात नांगराला काही लागलं असेल तर तलाठी किंवा तहसीलला कळवायला मालकाला सांगा. कुणी कुणासाठी काय नवस बोललं, कुणाच्या अंगात येतं, कुणाच्या घरातलं कोण कसं गेलं, ही नावं वहीत राहू द्या, बाहेर काढू नका.

दहा-बारा पानं झाली की त्यांच्या प्रती काढा. एक शाळेला, एक ग्रंथालयाला, एक ग्रामपंचायतीला. मग एका संध्याकाळी पारावर बसून आसरांचं, म्हसोबाचं पान मोठ्यानं वाचा. ज्यांनी सांगितलं त्यांना पुढं बसवा. कुणीतरी मधेच म्हणेल, "आसं नव्हं, त्या विहिरीवर आधी सात नव्हत्या, पाचच होत्या. दोघी मागून आल्या." वाचन थांबवा, पेन काढा आणि विचारा, "कुठून आल्या, मावशी?"